मागचा डावा दरवाजा

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या भाच्याच्या गाडीच्या मागच्या दोन्ही दरवाज्यांची एक-एक बारीक कळ वरून खाली दाबून ठेवली. कशाची कळ, माहीत नाही. कुणाला विचारलं? नाही. मग का दाबली? तर एका दरवाज्याची कळ जराशी तिरकी होती आणि दुसऱ्याची सरळ, आणि मला असं बेजोड काही बघवत नाही. पापडाची कड वाकडी गेली तर तो मोडून परत लाटणारी बाई मी! दोन्ही खाली केल्या, दोन्ही सारख्या दिसल्या, जीव शांत झाला. तेव्हा माझं वय चौसष्ट. आता सदुसष्ट. म्हणजे अक्कल यायला अजून तीन वर्षं बाकी होती.

त्या कळेशेजारी एक चित्रही होतं — लहान मुलाचं. ते मला दिसलं होतं बरं का. मला वाटलं, कंपनीचा शिक्का असेल.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. असणार कसा? दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात मी नऊ-दहा वर्षांची असताना जेवढी भुतं होती, त्यातली निम्मी मीच होते. दिवेलागणीला लोकांच्या मागच्या दाराची कडी वाजवायची आणि कडब्याच्या गंजीमागे दडून बसायचं. एका काकूंनी तर त्या 'बाधे'साठी दारात दहीभात ठेवायला सुरुवात केली. तो दहीभातही मीच खायचे. आईला संशय आला की माझी अक्का — माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी — मला पाठीशी घालायची. "शकू तं घरमाच व्हती, माय," असं इतक्या भोळ्या चेहऱ्याने सांगायची की मला स्वतःलाच खरं वाटायचं.

माझी नात हा ग्रुप वाचते. तिच्या मोबाईलवर तुमचे सगळ्यांचे अनुभव मी वाचून काढले. बहुतेकांत अमावास्या आहे, पिंपळ आहे, सुनसान घाट आहे. माझ्या गोष्टीत त्यातलं काही नाही. भर दुपार, डोक्यावर ट्यूबलाइट, बाजूला कूलर, आणि हातात रोलर... पण अजूनही दुपारचा सव्वा वाजला की मी घरातल्या कुठल्याही दरवाज्याला पाठ टेकून बसत नाही.

तर ऐका.

जळगावला अजिंठा चौफुलीच्या पुढे माझ्या मुलाचं — भूषणचं — गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. सीटकव्हर, मॅट, कॅमेरे, आणि मुख्य म्हणजे म्युझिक सिस्टिम. आमचे हे गेल्यावर घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून मी दुकानात जाऊन बसायला लागले. बसून बसून किती बसणार? समोर काम चाललेलं दिसायचं.

काम असं असतं. कंपनीचे बारके स्पीकर काढून मोठे लावले की दरवाज्याचा पत्रा थरथरायला लागतो. गाणं राहतं बाजूला, पत्राच खडखडतो. म्हणून दरवाज्याचा आतला पॅड काढायचा, उघडा झालेला पत्रा थिनरने पुसून घ्यायचा आणि त्यावर डांबरासारखी काळी, चिकट शीट लावायची. वरून तिला चंदेरी कागद असतो. ती हीट गनने थोडी गरम करायची आणि छोट्या रोलरने दाबत दाबत पत्र्याला एकजीव करायची. मध्ये हवेचा एक फुगा राहता कामा नये. खालची बारीक भोकं तेवढी बुजवायची नाहीत, पावसाचं पाणी तिथूनच निघून जातं.

भूषणचे कारागीर हा रोलर असा फिरवायचे जसं काही रंगाचा ब्रश मारतायत. मला राहवेना. एक दिवस म्हटलं, "सरक."

"आई, लोक काय म्हणतील? म्हातारीला कामाला लावलं म्हणतील."

"चाळीस वर्षं उडदाचे पापड लाटले तेव्हा कोणी काही बोललं नाही. आता शीट लाटली तर कुणाच्या पोटात दुखणार आहे?"

खोटं नाही सांगत, महिन्याभरात गिऱ्हाईकं विचारायला लागली — "आजी आहेत का? दरवाजे त्यांच्याच हातून करायचे." मी मग डोक्यात हवा गेल्यासारखी वागायचे. काम झालं की गिऱ्हाईकाला जवळ बोलवायचं, एका बोटाच्या पेराने दरवाजा ठोकून दाखवायचा. शीट लावायच्या आधी पत्रा 'टण्ण' वाजतो, रिकाम्या डब्यासारखा. लावल्यावर 'ठप्प' — भरलेल्या कोठीसारखा. ते 'ठप्प' ऐकलं की गिऱ्हाईकाचा चेहरा खुलायचा आणि माझी मान ताठ व्हायची.

आता हेमंत. हेमंत म्हणजे अक्काचा धाकटा मुलगा. धुळ्याला देवपुरात राहतो, अक्का त्याच्याचकडे असते. मोठा सुनील सुरतेला. अक्काचे दोन्ही गुडघे गेलेले, बसची पायरी तिला चढता येईना, म्हणून हेमंतने एजंटकडून एक जुनी पांढरी गाडी घेतली. आधीचा मालक कोण, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाचोऱ्याच्या बहिणीला माहेरी आणायचं, आईला चार ठिकाणी फिरवायचं, म्हणून गाडी जरा सजवून घ्यावी असं त्याच्या मनात. आखाजीच्या चार दिवस आधी संध्याकाळी तो गाडी भूषणच्या दुकानात सोडून गेला.

"मावशी, चारही दरवाजे तूच करशील ना?"

"मीच करीन रे. तुझ्या आईला आत झोप लागेल अशी करते."

हे माझं वाक्य. मला आता तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाडी दुकानात आत घेतलेली, शेडखाली. कारागीर आखाजीला आपापल्या गावी गेलेले, मी आणि भूषणच. पुढचे दोन दरवाजे झाले, मागचा उजवा झाला. स्पीकर भूषणने बसवले. मागच्या डाव्याचा पॅड काढून झाला आणि सव्वा वाजता तो जेवायला घरी निघाला.

"तू पण चल ना."

"एवढा एक करते. माझा डबा आहे."

शटर अर्धं ओढून तो गेला. मी स्टुलावर बसले, समोर उघडा दरवाजा. थिनरच्या फडक्याने कडा पुसताना ती कळ दिसली, मग उठून उजव्या दरवाज्याची बघितली, आणि वर सांगितलेला शहाणपणा तेव्हाच केला. दोन्ही सारख्या करून परत स्टुलावर आले आणि सवयीने पत्र्यावर पेर ठोकलं.

टण्ण.

आतून आलं — टण्ण.

मला वाटलं, घुमला. दोनदा ठोकलं. आतून दोनदा. मला गंमत वाटली. तीनदा ठोकलं. आतून तीनदा. पण हे तीन माझ्यासारखे नव्हते. मी ठोकते ते सावकाश, कान देऊन. हे घाईचे होते. आणि मग मी काही न करताच आणखी आले. तीन... थोडं थांबून तीन... परत तीन.

आता दरवाजा कसा असतो ते लक्षात घ्या. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये वीतभर पोकळी, तिच्यात काच खाली-वर व्हायची पट्टी आणि दोन-चार वायरी. पॅड काढलेला असल्यामुळे मला आतलं सगळं दिसत होतं. मी मोबाईलचा टॉर्च मारला. काही नाही. उंदीर नाही, सुटलेला नट नाही. काचेच्या पट्टीला हात लावला, घट्ट. आणि माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या पोकळीत टण्ण, टण्ण, टण्ण!

पहिला विचार भूषणचाच आला. माझाच पोरगा, खोड्या माझ्याच रक्तातल्या. उठले, गाडीला वळसा घातला. दरवाज्याच्या पलीकडे कोणी नाही. गाडीखाली वाकून बघितलं. डिकी उघडली. शटरखालून रस्त्यावर डोकावले. ऊन नुसतं पांढरंफटक, कुत्रंही नाही. कूलरचा आवाज असेल म्हणून कूलर बंद केला. तर ठोके जास्तच स्पष्ट झाले.

मग मी, बहाद्दरीण, काय म्हटलं असेन? कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या दरवाज्याला म्हणाले, "कोण आहे रे आत? बाहेर ये, नाहीतर कोंडून वरून शीट लावते!"

आणि हसले. एकटीच.

ठोके थांबले नाहीत. मी तळहात पत्र्यावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तापला होता — चुलीवरच्या तव्यासारखा! सकाळपासून गाडी सावलीत, कूलरसमोर. शेजारच्या पुढच्या दरवाज्याला हात लावला, गार. उजव्या बाजूचा, गार. हा एकच पेटलेला.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला पळता येत नव्हतं? येत होतं, शटर अर्धं उघडंच होतं. पण खरं सांगू? मला भीती वाटायच्या आधी राग आला. आजवर माझ्या हातून गेलेला एकही दरवाजा वाजला नव्हता, आणि हा कोण मोठा लागून गेला? त्यात डोक्यात आणखी एक दळभद्री विचार आला — पत्रा आपोआप तापलाय तर बरंच आहे, शीट छान बसेल, हीट गन लावायलाच नको.

मी शीट कापली, पोकळीत हात घातला आणि बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवली. रोलर फिरवला. ठोके माझ्या हाताखालीच येत होते. जिथे शीट बसेल तिथून सरकून पुढच्या उघड्या जागेवर यायचे. मीही मागे लागले. दुसरी शीट, तिसरी, चौथी. टण्णचं ठक् झालं. घाई कमी झाली. तीनचे दोन झाले. शेवटी टीचभर जागा उरली, तिथे एक-एक ठोका येत होता... बऱ्याच वेळाने एक. त्या जागेवर मी शेवटचा तुकडा ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. शेवटचा ठोका कानाला आला नाही. तळहाताला लागला. पोटातलं बाळ जसं आतून टाच मारतं ना, तेवढाच.

मग काही नाही. पाच मिनिटांत पत्राही गार.

मी काय केलं? हात धुतले आणि डबा खाल्ला. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पोटभर.

भूषण आल्यावर म्हटलं, "हा दरवाजा आपोआप वाजत होता रे."

"त्यासाठीच तर शीट लावतो ना, आई," तो म्हणाला आणि पॅड बसवायला घेतला.

संध्याकाळी हेमंत आला. मी ठोकून दाखवलं, ठप्प. तो पुढे बसला, दार लावलं, गाणं लावलं, उतरला तेव्हा खूश. "मावशी, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!" भूषणने वरून खिडक्यांना लावायचे जाळीचे काळे पडदे भेट दिले, "मावशीला ऊन लागायला नको," म्हणाला. अक्का त्याची मावशी ना.

आखाजी झाली. झोके झाले, गाणी झाली. अक्काचा फोन आला, "शकू, गाडी काय मस्त करी दिधी वं, माले तं मझार लगेच झोप लागस." आत बसल्याबरोबर झोप! मी फुलून गेले.

मी काम केल्यापासून अकराव्या दिवशी हेमंत अक्काला डोळे तपासायला घेऊन गेला. परत येताना साक्री रोडला एका ऑफिसात त्याला एका कागदावर सही घ्यायची होती. अक्का मागच्या सीटवर झोपलेली. उठवायचं जिवावर आलं त्याच्या. पाच मिनिटांचं काम, म्हणून गाडी बंद केली, हात सवयीने रिमोटवर गेला, गाडी लॉक. आत गेला तर सही करणारे साहेब जेवायला उठलेले. येतीलच, येतीलच म्हणत पन्नास मिनिटं गेली. मे महिना, धुळ्याचं ऊन, काचा बंद.

तो आला तेव्हा अक्का सीटवर कलंडलेली. अंगाला हात लावला तर चटका बसला म्हणे. मागचं दार आतून उघडत नव्हतं; एरवी हेमंतच बाहेरून उघडून तिला हात द्यायचा, म्हणून इतके दिवस ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही बाजूंचं नाही. काचा बटणाच्या, गाडी बंद असली की खाली होत नाहीत. पुढच्या सीटवर चढून जायला तिला गुडघे कुठे? मोबाईल पिशवीत, पिशवी पुढे. दहा पावलांवर रसवंती होती. रसवंतीवाला शपथेवर सांगत होता, "भाऊ, मी हालनू नही अठून. काहीच आवाज उना नही." पडद्यांमुळे आतलं दिसलंही नाही.

बारीकसारीक वेळ मी नंतर हेमंतकडून तीन-तीनदा विचारून घेतली. गाडी लॉक केली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि त्या दिवशी, त्या वेळेला मी जळगावला आमरस-पोळी चापून घोरत पडले होते. मला काहीही जाणवलं नाही. स्वप्न नाही, छातीत धस्स नाही. जे कळायचं ते मला अकरा दिवस आधीच कळवून झालं होतं, आणि ते मी रोलरने लाटून बसवलं होतं.

उष्माघात. अक्का दोन दिवस शुद्धीवर नव्हती. मी धुळ्याला पोहोचले तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात सुनील आलेला होता सुरतेहून, आणि हेमंत भिंतीला टेकून उभा होता.

"दार आतून का उघडलं नाही?" सुनील विचारत होता. "मी बघून आलोय. चाइल्ड लॉक लावलेलं आहे. दोन्ही दरवाज्यांना! घरात लहान पोर आहे का? तुझा पोरगा कॉलेजात जातो. मग कळ लावली कुणी?"

"दादा, मला माहीत नाही. मी तर ती कळ कधी बघितलीपण नव्हती."

"गाडी तुझी, चावी तुझी, आणि माहीत नाही? आईचं करायचा कंटाळा आला होता तर फोन करायचा. मी नेली असती सुरतेला."

आजूबाजूला चार नातेवाईक. सगळ्यांनी ऐकलं. हेमंतचं तोंड पांढरं पडलं. मी सुनीलला हळूच विचारलं, "चाइल्ड लॉक म्हणजे काय रे?" त्याने मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. दरवाज्याची कड, बारीक कळ, खाली दाबलेली. शेजारी लहान मुलाचं चित्र.

व्हरांड्यातल्या बाकावर मी बसले ती उठलेच नाही.

आणि बोलले का? नाही. लहानपणी अर्धं गाव घाबरवणारी मी, त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. अक्का शुद्धीवर आली, थोडी पेज घ्यायला लागली. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, गाडीतलं काही आठवत नाही. इकडे देवपुरात, पाचोऱ्यात, सुरतेत, फोनवर एकच — हेमंतने आईला कोंडली. त्याची बायको माझ्याजवळ येऊन रडली. "मावशी, हे जेवत नाहीत. दिवसभर गाडीपाशी जातात, ते दार उघडतात, लावतात, परत उघडतात. मला भीती वाटते."

ज्याने आईसाठी गाडी घेतली, तोच आईला मारायला निघाला असं लोक म्हणत होते, आणि खरं सांगू शकणारी एकच बाई होती. तिला लाज वाटत होती. बाकी काही नाही, लाज.

अक्काला घरी आणलं त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सगळे तिच्या खोलीत होते. सुनीलने परत सुरू केलं, "आई, तूच सांग, तुला इथे राहायचंय की..." आणि मी मध्येच म्हणाले, "कळ मी दाबली."

कुणाला कळेचना.

"त्या दोन्ही कळा मी खाली केल्या. दुकानात, काम करताना. कशाच्या ते मला ठाऊक नव्हतं. एक तिरकी दिसत होती म्हणून. हेमंतला काही माहीत नाही. त्याला बोलू नका."

हेमंत माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी... तू सहा दिवस ऐकत होतीस ना सगळं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"भ्याले बाबा."

तो मटकन खाली बसला, अक्काच्या पलंगाच्या पट्टीवर डोकं ठेवलं आणि असा रडला की मला तिथे उभं राहवेना. सुनील भरलेलाच तांब्या उचलून पाणी आणायला गेला. पुढे चार महिने हेमंत माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं त्याने.

मग सगळे बाहेर गेले. मी आणि अक्का राहिलो. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर येत होतं, मी पडदा ओढला. मला वाटलं, आज पोटातलं सांगायचंच आहे तर पूर्ण सांगावं. दुकानातलं सगळं सांगितलं. रिकाम्या दरवाज्यातले ठोके. तापलेला पत्रा. घाईचे तीन-तीन, मग दोन, मग एक. माझ्या हाताखालचा शेवटचा.

"अक्का," म्हटलं, "ती तूच होतीस. कसं ते मला नको विचारू. अकरा दिवस आधी तुझेच ठोके माझ्यापर्यंत आले आणि मी ते बंद करत बसले."

भूषणला मी हे पुढे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पत्रा तापला की वाजतो, आई. मी विचारलं, सावलीत एकच दरवाजा तापतो? मोजून तीन वेळा वाजतो? तर तो दुसऱ्या गाडीचा पॅड काढायला लागला. ती शीट आजही तिथेच आहे, कुणी काढली नाही. गाडी देवपुरात कव्हर घालून उभी आहे. विकायची म्हटलं तर हेमंतला घेणाऱ्याला काय सांगायचं तेच सुचत नाही. निदान ते ठोके कुणाचे, एवढं तरी मला कळलंय अशी माझी समजूत होती, आणि ती समजूत त्या खोलीत बसल्या जागी गेली.

कारण अक्काने माझं सगळं निमूट ऐकून घेतलं. पाणी मागितलं. दोन घोट प्याली. दाराकडे बघितलं, कुणी नाही ना म्हणून. मग माझं मनगट धरलं — हाताला तिच्या अजून नीट जोर नव्हता — आणि हळू आवाजात म्हणाली,

"शकू, कळ तू दाबी ते दाबी, मी तुले माफ करं. पन मी एकबी ठोका मारा नही वं. मना हातमा जोर कोठे व्हता? ठोके मारी ऱ्हायंती ती मना बाजूले सीटवर बठेल बाई."